१९९० ची पोर्शे ९४४ घेऊन स्टेल्व्हिओ घाटात जायचंय, तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही दोघं ब्रिस्टलला राहता. दोन वर्षांपूर्वी हौसेने १९९० ची पोर्शे ९४४ एस२ घेतलीत. जूनअखेरीस बारा दिवसांची रजा आहे. फोकस्टनहून कॅले, मग रँस, म्यूलूझ, दावोस आणि तिथून इटलीतला स्टेल्व्हिओ घाट, असा बेत आहे. गाडी वर्षाला जेमतेम हजार मैल चालते, एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) नुकतीच पास झालीय आणि गॅरेजवाला म्हणतो, बिनधास्त जा. तर जावं का, आणि सोबत कोणते सुटे भाग घ्यावेत?

जा, नक्की जा. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांशी, वजन दोन्हीकडे जवळपास सारखं विभागलेलं, तीन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि ८० लिटरची टाकी: लांबच्या प्रवासाला याहून शहाणी जुनी स्पोर्ट्स कूपे मला माहीत नाही. मिडलंड्समधल्या माझ्या गॅरेजमध्ये याच काळातल्या पोर्शे गाड्यांचं काम चालतं आणि दर उन्हाळ्यात आल्प्सला निघालेल्या गाड्या आमच्याकडे तयारीला येतात. वाटेत अडकलेल्या गाड्यांचे फोनही येतात. त्यांत इंजिनच मुळात कमकुवत होतं, असं क्वचितच निघतं. बहुतेकदा दोष असतो एखाद्या रबरी पाइपात, एखाद्या स्वस्त रिलेत, नाहीतर निघायच्या चार दिवस आधी घाईघाईने केलेल्या कामात.

म्हणून सुट्या भागांच्या आधी तारखा ठरवा. गाडीचं सगळं काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकलेलं हवं. त्यानंतर निघेपर्यंत गाडी किमान पाचशे मैल चालवायची, आणि शेवटच्या आठवड्यात पाना लावायचा नाही. नवीन बसवलेला भाग बिघडायचा असेल तर बहुधा पहिल्या काहीशे मैलांतच बिघडतो. क्लिप नीट आवळली गेलेली नसते, कूलंटमध्ये हवा अडकलेली असते, नवा सेन्सरच सदोष निघतो. हे ब्रिस्टलमध्ये उघडकीला आलं तर एक संध्याकाळ जाते. फ्रान्समध्ये लांग्रच्या आसपास महामार्गावर रविवारी दुपारी उघडकीला आलं तर तुमच्या रजेतले चार दिवस जातात.

वर्षाला हजार मैल चालणारी गाडी कमी झिजलेली, म्हणून जास्त भरवशाची, असं लोक धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. उभ्या गाडीचं रबर सुकतं, ब्रेक कॅलिपरचे पिस्टन धरतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पेट्रोल शिळं होतं. आणि एमओटीवर विसंबू नका. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, गंज, धूर हे बघतात. टायमिंग बेल्ट किती जुना आहे हे कोणी बघत नाही, आणि तुमच्या गाडीत तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

या इंजिनात दोन बेल्ट असतात, एक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा आणि एक इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा. कॅमचा बेल्ट तुटला किंवा दात चुकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) कामातून जातं. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट तुटून कॅमच्या बेल्टमध्ये अडकला तरी तेच होतं. मैल कितीही कमी झाले असोत, चार वर्षं उलटली की दोन्ही बदलायचे. मागच्या मालकाने सांगितलंय यावर जाऊ नका, तारीख आणि मैल लिहिलेलं बिल हातात हवं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलेच नाहीत असं समजा. त्याच उघडण्यात वॉटर पंप, रोलर आणि पुढची ऑइल सील बघून घ्या. मजुरी तीच पडते. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणतो, त्यामुळे ते पाचशे मैल झाल्यावर ताण पुन्हा तपासून घ्या. तुमचा प्रवास येऊन-जाऊन दोन हजार मैलांच्या घरात जाईल आणि त्या अंतरात मध्ये कुठे हे करून मिळणार नाही.

एस२ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी आठ व्हॉल्व्हच्या ९४४ मध्ये नाही. दोन कॅमशाफ्टना जोडणारी छोटी साखळी हेडमध्ये असते आणि तिच्या टेन्शनरवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या वयाने ठिसूळ होऊन तुटतात. मग साखळी सैल होते, आणि ती तुटली तर पुन्हा हेडच जातं. ते झाकण कधी उघडलंय का, असं तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा. उत्तर देताना तो घुटमळला, तर फक्त याच गाड्यांचं काम करणाऱ्या माणसाकडे जा. कितीही ओळखीचा आणि प्रामाणिक असला तरी रोज आजच्या हॅचबॅकवर काम करणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही.

इंजिनजवळच्या पेट्रोलच्या लवचीक नळ्या मूळच्या असतील तर आज त्या पस्तीस वर्षांच्या आहेत. बॉनेट उघडून त्या बोटांनी हलकेच वाकवा. पृष्ठभागावर बारीक जाळं दिसलं किंवा नळी काचेसारखी कडक लागली, तर त्याच दिवशी बदला. इथे गळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं आणि गाडी जळते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. इथे सुपर अनलेडेड भरा, फ्रान्समध्ये एसपी९८, जर्मनीत सुपर प्लस. एक किलोचा अग्निशामक डिक्कीत पुरू नका, सीटपाशी हाताला येईल असा ठेवा.

आता रिले. या गाडीत इंधनपंपाला आणि इंजिनच्या संगणकाला वीज देणारा डीएमई रिले असतो. जुन्या रिलेचं प्लास्टिकचं टोपण काढून भिंगातून पाहिलंत, तर पिनांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसते. थंड असताना ती चीर जोडलेली राहते, तापली की उघडते. परिणाम असा, की कडक उन्हात टोलनाक्यावरच्या रांगेत गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोष सापडतच नाही. नवा रिले आत्ताच बसवा, चालतो याची खात्री करा, आणि तसाच दुसरा ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. जुना ‘असू दे’ म्हणून बाळगू नका. रिलेची जागा घरीच शोधा आणि एकदा डोळे मिटून काढून-बसवून बघा. अंधारात पावसात ते करावं लागू शकतं.

स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, असं झालं तर आरपीएमचा काटा बघा. स्टार्टर फिरताना तो किंचित थरथरला, तर इंजिन फिरतंय हे संगणकाला कळतंय, म्हणून शोध पेट्रोल आणि ठिणगीकडे न्या. काटा मेल्यासारखा पडून राहिला, तर आधी रिले बदला, मग फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरवर संशय घ्या. तो एक जादा सोबत बाळगा.

क्लच हे या गाडीचं सगळ्यात खर्चिक दुखणं. मूळच्या क्लच प्लेटच्या मधे रबर असतं आणि ते फाटतं. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलवताना खालून ‘धप्प’ असा आवाज आला किंवा हिसका बसला, तर ते रबर शेवटच्या टप्प्यात आहे. क्लच काढायला गिअरबॉक्सपर्यंतची सगळी मांडणी मागे सरकवावी लागते, म्हणजे घरच्या गॅरेजमध्येही दोन दिवसांचं काम. परदेशात रस्त्याकडेला कोणी करून देणार नाही. हा आवाज येत असेल तर क्लच बदलल्याशिवाय निघू नका, हे अगदी ठासून सांगतो.

थंडाव्याचं परीक्षण स्वतः करता येतं. गाडी चांगली तापू द्या आणि अंगणात आयडलवर उभी ठेवा. पुढचे पंखे आपोआप सुरू व्हायला हवेत आणि काटा थोडा खाली यायला हवा. एसी लावून पुन्हा बघा. कूलंटची टाकी तपकिरी, अपारदर्शक झाली असेल तर ती बदला, तशा टाक्या सांध्यावर फुटतात. कूलंट भरताना वरच्या स्क्रूतून हवा काढावी लागते, हे नवख्या हाताला माहीत नसतं. तेलाचा दाब इंजिन गरम असताना आयडलला दोन बारच्या आसपास आणि तीन हजार आरपीएमला चारच्या वर दिसायला हवा. एस२ थोडं तेल खाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र किती खाते हे त्या पाचशे मैलांत मोजून ठेवा.

टायर पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० सोळा इंचांचे असतील. नक्षी भरपूर दिसते म्हणून खूश होऊ नका, बाजूवरचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांहून जुने टायर घेऊन मी स्वतः आल्प्समध्ये जाणार नाही. स्टेपनीकडे तर आवर्जून बघा. या गाडीला घडी झालेली स्टेपनी येते, जी जागेवर कॉम्प्रेसरने फुगवावी लागते. बहुतेक गाड्यांत ती कारखान्यातून आली तशीच आहे आणि तो कॉम्प्रेसर कधीच हरवलेला असतो. फुगवून पाहा, भेगा दिसल्या तर विश्वास ठेवू नका. शिवाय पंक्चर झालेलं मागचं रुंद चाक स्टेपनीच्या खोबणीत मावत नाही. ते सामानाच्या जागी ठेवावं लागतं. डिक्की काचेपर्यंत भरली असेल तर सामान कुठे जाईल, हे आधीच ठरवा. मऊ बॅगा घ्या, कडक सूटकेस नकोत. मागच्या मोठ्या काचेतून सगळं दिसतं, तेव्हा सामान झाकणारा पडदा नसेल तर गडद चादर टाका. चाकाचे नट हलक्या धातूचे असतात. ते टॉर्क पान्याने १३० न्यूटन-मीटरवर आवळायचे, पायाने दाबून नाही. कुलपाच्या नटाची चावी गाडीतच आहे ना, हे निघताना डोळ्यांनी बघा.

सुट्या भागांची पिशवी छोटीच ठेवा: रिले, सेन्सर, अल्टरनेटरचा पट्टा, फ्यूज, बल्ब, मीटरभर इंधननळी आणि क्लिपा, पाइपावर गुंडाळायची सिलिकॉन टेप, त्याच ग्रेडचं दोन लिटर तेल, पाणी, टॉर्च, हातमोजे. स्टार्टर, अल्टरनेटर, वॉटर पंप सोबत नेऊ नका. ते भाग इतके थकलेले वाटत असतील तर निघण्याआधीच बदला.

ते पाचशे मैल नुसते मोटरवेवर घालवू नका. एक दिवस दोघं बसून, खरंखुरं सामान भरून, वेल्समध्ये ब्रेकनच्या डोंगरांत जा. एखाद्या दुपारी मुद्दाम गर्दीत अडका. एक फेरी रात्री पावसात करा. प्रत्येक फेरीनंतर रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा.

विम्याचे कागद आत्ताच काढून वाचा. क्लासिक गाडीच्या पॉलिसीत वर्षाच्या मैलांची आणि परदेशातल्या दिवसांची मर्यादा असते. युरोपातल्या ब्रेकडाउन सेवेत अनेकदा वयाची अट असते आणि पस्तीस वर्षांची गाडी त्यात बसतच नाही. बसली तरी आणखी एक कलम शोधा: दुरुस्तीचा किंवा गाडी परत आणण्याचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला तर कंपनी काय करणार? बाजारभाव कोण ठरवणार? याचं उत्तर लेखी मागवा, आणि पॉलिसी ‘ठरलेल्या किमतीची’ करून घ्या. व्ही५सीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राची, मूळ प्रत सोबत हवी. नंबरप्लेटवर यूके अक्षरं नसतील तर मागे यूके स्टिकर लावा, २८ सप्टेंबर २०२१ पासून जुनं जीबी स्टिकर चालत नाही. त्रिकोण आणि चमकणारी जाकिटं घ्या, आणि जाकिटं डिक्कीत न ठेवता सीटजवळ ठेवा.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागेलच, ब्रिटनमधलं वास्तव्याचं कार्ड त्याला पर्याय नाही. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून मुक्काम आधी पक्के करा. आणि खाण्याचं: ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, श्रीखंड घरी ठेवा. चिवडा, शंकरपाळी, लोणचं न्या, पण शंकरपाळी तेलातली आणि बिनदुधाची.

वाटेबद्दल. कॅले ते रँस सरळ महामार्ग आहे. टोलनाक्यावर खिडकी डावीकडे येते, म्हणजे पैसे वहिनींना द्यावे लागतील. तो त्रास नको असेल तर टोलचा टॅग आधी मागवा. रँसच्या बाहेर गू गावाच्या रस्त्यावर जुन्या ग्रांप्री शर्यतीचे पिट आणि प्रेक्षकांचे सज्जे अजून उभे आहेत. १९६६ मध्ये फॉर्म्युला वन तिथे शेवटची धावली. तिथे थांबाच. म्यूलूझला श्लुम्फ बंधूंचा मोटारसंग्रह आहे, दोन बुगाटी रोयालसकट, त्याला अर्धा दिवस द्या. मात्र मुक्काम मोठ्या शहरांच्या मध्यभागी करू नका. प्रदूषणाच्या नियमांसाठी फ्रान्समध्ये क्रिटएअर स्टिकर लागतं आणि १९९७ पूर्वीच्या पेट्रोल गाडीला ते मिळतच नाही. हे नियम सारखे बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात त्या त्या शहराच्या अधिकृत पानावर बघा. वाकडी वाट करून श्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयात जायचा मोह झाला, तर तिथेही हेच. शहराबाहेर गाडी लावा आणि एस६ लोकलने नॉयविर्ट्सहाउसला उतरा, संग्रहालय स्टेशनच्या दारातच आहे. ९४४ मात्र बहुतांश तिथे नाही, नेकार्सुल्मच्या ऑडी कारखान्यात बनली.

स्वित्झर्लंडला महामार्गाचं विन्येट, म्हणजे रस्ता वापरण्याचं शुल्कपत्र, ४० फ्रँकचं. आता ते नंबरप्लेटवर ऑनलाइन घेता येतं. २०१४ पासून तिथे दिवसासुद्धा दिवे लावणं सक्तीचं आहे. तुमच्या गाडीला वेगळे दिवसाचे दिवे नाहीत, म्हणजे उघडझाप करणारे हेडलाइट दिवसभर वर ठेवून चालवायची. इटलीत गावाबाहेर तेच. त्यामुळे ते दिवे वर-खाली करणारी मोटर आणि दांडे ग्रीस करून घ्या. मोटर थकली तर हाताने फिरवायची मूठ असते, ती कुठे आहे ते बघून ठेवा. उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी हेडलाइटच्या काचेवर चिकटवायच्या पट्ट्या कॅलेआधीच लावा. आणि दुपारी गाडी लावून जाताना दिवे विसरून बॅटरी उतरते, तेव्हा छोटा जंप-पॅक घ्या.

दावोसहून फ्ल्यूएला घाट, झेर्नेझ, ओफन घाट आणि म्युस्टाइर असं उतरून स्टेल्व्हिओच्या पायथ्याच्या प्राटोला या. ऑस्ट्रियाचं विन्येट वाचतं आणि रस्ता नितांत सुंदर आहे. स्टेल्व्हिओ प्राटोच्या बाजूनेच चढा. कार्लो दोनेगानीने १८२० ते १८२५ मध्ये बांधलेला हा रस्ता त्या बाजूने ४८ वळणं घेत २,७५७ मीटरवर जातो, आणि प्रत्येक वळणावर क्रमांक लिहिलेला आहे. सकाळी सातच्या आत पायथा सोडा, दहानंतर सायकली, मोटारसायकली आणि कॅम्परव्हॅन यांच्यात गाडी सतत हाफ क्लचवर राहते. वर हवा विरळ असल्याने ताकद साधारण पाव हिश्श्याने कमी जाणवेल. गाडी बिघडली असं वाटून घेऊ नका, एक गिअर खाली ठेवा. उजवं वळण आतून फार आवळतं, तिथे पहिला गिअर टाकायला संकोच नको.

खरी परीक्षा उतारावर होते. कोयनेच्या नाहीतर आंबोलीच्या घाटात एसटीचे चालक जसे चढताना लागलेल्या गिअरवरच उतरतात, तसंच उतरा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वळणाआधी एकदा जोरात दाबा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलाची हमी फक्त १५५ अंशांची. ते उकळलं की वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून मे महिन्यात ब्रेक ऑइल बदलणं या प्रवासापुरतं तरी अनिवार्य धरा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर थांबा. हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि वीस मिनिटं निवू द्या. स्विस डोंगरांत पिवळी पोस्टाची बस समोर आली तर तिला आधी वाट द्यायची असते. तिच्या चालकाने खुणावलं तर त्याचं ऐका.

आता निर्णयाचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बेल्टचं बिल, कॅमसाखळीची तपासणी, इंधनाच्या नळ्या, क्लच आणि ब्रेक ऑइल या पाचांपैकी एकही बाकी असेल, तर तारीख पुढे ढकला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात स्टेल्व्हिओ सहसा उघडा असतो, गर्दी ओसरलेली असते आणि गार हवा या इंजिनाला मानवते. हॉटेलं तोवर रद्द करता येतील अशाच दराची घ्या, आणि व्हिसाच्या तारखांना थोडी सैल जागा ठेवा.